पितळखोरा ते पाटणादेवी : शेवटच्या दिवसाची उतरण

चार दिवसांच्या पदभ्रमणाचा शेवटचा दिवस हा खरे तर सर्वांत जपून चालण्याचा दिवस असतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. पाय थकलेले असतात, मन घरी पोहोचलेले असते आणि त्यातच वाट उताराची असते. जानेवारीच्या त्या सकाळी आमच्या मंडळातील सतरा ते एकवीस वर्षांची सोळा मुले-मुली पठारावरच्या वाडीतून सामान आवरून निघाली, तेव्हा कोण आधी पोहोचणार याचीच चर्चा चालली होती. मी सगळ्यांना थांबवून एकच नियम सांगितला, की आज सर्वांत थकलेल्याने पुढे चालायचे आणि त्याला ओलांडून कोणी जायचे नाही.

पायऱ्या उतरून आम्ही पितळखोऱ्याच्या लेण्यांपाशी आलो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली ही बौद्ध लेणी ठिसूळ खडकामुळे पुष्कळ ढासळली आहेत. तरी विहाराच्या जोत्यावरील हत्तींची रांग आणि दारावरचे भालाधारी द्वारपाल पाहताना मुले आपोआप गप्प झाली. येथील शिलालेखांत पैठणच्या दात्यांचे उल्लेख आहेत, त्यांत मितदेव नावाचा गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारीही आहे. मला स्वतःला मात्र जिन्याजवळचा पाच फण्यांचा नाग सर्वांत अधिक आवडतो. वरच्या कड्यावरून झिरपणारे पाणी खडकातून कोरलेल्या नळीने आणून या फण्यांच्या छिद्रांतून बाहेर सोडण्याची योजना त्या कारागिरांनी केली होती. लेणे पाण्याने खराब होऊ नये ही काळजी आणि ते पाणी देखणे दिसावे ही हौस, दोन्ही एकाच घावात साधलेली पाहून एका मुलाने वहीत त्या छिद्रांचे चित्र काढून घेतले.

लेण्यांच्या पुढे दरी उतरू लागली आणि अर्ध्या तासातच एका मुलीच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबू लागला. घाईच्या दिवसात हीच वेळ सगळ्यांत कठीण असते. तिने काही न बोलता पाय ओढत दोन वळणे काढली होती; मागच्या मुलाने ते पाहिले म्हणून कळले. आम्ही एका खडकावर बसलो, बुटातील वाळू झाडली आणि तंबूची नायलॉनची दोरी तळाखालून दोनदा फिरवून, वर घोट्यामागे आवळून गाठ मारली. गाठ पायाच्या वर येईल असे पाहिले, नाहीतर ती दगडावर घासून तुटते. त्यानंतर नियमाप्रमाणे ती सर्वांच्या पुढे चालली आणि पंधरा जण तिच्या गतीने उतरले. सुरुवातीला मागे थोडी कुरबुर होती, पण सालई आणि अंजनाच्या पानगळीतून वाट दिसेनाशी झाली, तेव्हा हळू चालण्याचे महत्त्व कोणाला सांगावे लागले नाही.

सातमाळ्याची ही रांग म्हणजे खानदेशची दक्षिणेकडील कड. आम्ही ज्यातून उतरत होतो ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले आणि ते दोन जिल्ह्यांत पसरले आहे, परंतु आपण खानदेशात उतरलो हे आम्हांला भाषेने सांगितले. खालच्या सपाटीवर भेटलेल्या एका आजोबांनी काठी टेकत विचारले, "कथाईन उनात रे भो?" आणि उत्तर ऐकण्याआधीच मडक्याकडे बोट करून म्हणाले, "पानी पी ल्या पहिले." जळगावच्या शहरी मुलांना आजी-आजोबांच्या घरातील ती अहिराणी ऐकून जो आनंद झाला, तो मी चार दिवसांत दुसऱ्या कशाने झालेला पाहिला नव्हता.

वाटेतल्या धवलतीर्थ धबधब्याची धार या दिवसांत बारीक असते, म्हणून तेथे न रेंगाळता आम्ही दुपारी पाटणादेवीला पोहोचलो. चंडिकेच्या हेमाडपंती मंदिरापाशी मी मुलांना पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला, त्याला निकुंभ राजा सोइदेव याने दान दिले, आणि लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचा हक्क व प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिले आहे. गणित शिकणाऱ्यांच्या दिव्याला तेल कोठून यावे याची सोय दगडात कोरून ठेवली गेली, हे ऐकून अभियांत्रिकीला असलेल्या दोघांनी आपापल्या वह्या पुन्हा बाहेर काढल्या.

चाळीसगावला जाणारी गाडी येईपर्यंत सगळे डोंगरी नदीच्या काठी बसले. मी डोकी मोजली, सोळा भरली. बुटाच्या मुलीने पाय पाण्यात सोडून दोरीची गाठ सोडवली, ती दगडावर पसरून वाळवली आणि गुंडाळून तंबूच्या पिशवीत परत ठेवली.