नेव्हर्नच्या चर्चमधला खिडकीचा दगड

आज वेल्समधल्या पेम्ब्रुकशरमधलं नेव्हर्न बघून आलो. गाव एवढंसं, ओढ्यापेक्षा जरा मोठी नदी, तिच्यावर दगडी पूल आणि पलीकडे सेंट ब्रायनॅकचं चर्च. हा ब्रायनॅक 6 व्या शतकातला संत, चर्चची मूळ स्थापना त्याचीच म्हणतात, आत्ताची इमारत मात्र बरीच नंतरची.

गेटमधून शिरलं की दोन्ही बाजूंना जुनी यूची (सदाहरित) झाडं, त्यातल्या एकाच्या तुटलेल्या फांदीच्या जागेतून लाल रस ठिबकतो, अगदी रक्तासारखा, आणि सगळे जण मोबाईल काढून तिथेच उभे. गोष्ट अशी की निरपराध साधूला इथे फाशी दिलं म्हणून झाड रडतं. मला हे जरा फिल्मी वाटलं, खरं सांगायचं तर.

त्यापेक्षा कक्कूची (कोकिळेच्या जातीतला पक्षी) गोष्ट भारी आहे. अंगणात साधारण 4 मीटर उंच दगडी क्रॉस आहे, हजारेक वर्षांचा, सगळा वेलबुट्टीसारख्या गुंतागुंतीच्या नक्षीने भरलेला. 7 एप्रिलला, म्हणजे ब्रायनॅकच्या दिवशी, वर्षातला पहिला कक्कू याच्यावर बसून ओरडणार आणि तोवर पाद्री प्रार्थना सुरूच करायचा नाही असं म्हणे. एका वर्षी पक्षी वादळातून कसाबसा उशिरा पोचला, एकदा ओरडला आणि तिथेच मेला. एवढी वेळ पाळणारा पक्षी आणि सगळ्या गावाला ताटकळत ठेवणारा पाद्री, दोघांचीही कमालच.

पण मी खरी अडकले ती आत, खिडकीच्या खालच्या कट्ट्यापाशी. तो कट्टा म्हणजे साधारण 5 व्या शतकातला स्मारकशिळेचा दगड! मधे बरीच शतकं भिंतीत चिणलेला होता, 20 व्या शतकाच्या सुरुवातीला सापडला. आपल्याकडे नाही का वीरगळ देवळाच्या पायरीला लागलेला दिसतो, तसंच. त्यावर मॅग्लोकुनस, क्लुटोरीचा मुलगा, एवढंच, पण दोनदा, एकदा लॅटिन अक्षरात आणि एकदा कडेला नुसत्या खाचा मारून, त्या खाचा म्हणजे ओगम लिपी, आयर्लंडकडची. म्हणजे तेव्हा इथे आयरिश लोक राहत असणार आणि लॅटिन वाचणारेही, दोघांना कळावं म्हणून दोन्हीत कोरलं. आज वेल्समध्ये रस्त्यावरच्या पाट्या वेल्श आणि इंग्लिशमध्ये असतात तर काही लोक कुरकुरतात की कशाला हा खर्च! त्यांना आधी इथे आणून उभं करायला पाहिजे.