तुम्ही विचारलंत म्हणून: सर्फ गिटारचा तो ‘ओला’ आवाज येत का नाही?

“रिव्हर्ब दहावर नेला, तरी डिक डेलसारखं वाजत नाही. असं का?” हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहून टाकलेलं बरं. सर्फ म्हणजे साठच्या दशकातलं, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्याशी जोडलेलं गिटारसंगीत, डिक डेल हा त्यातला नावाजलेला वादक, आणि रिव्हर्ब म्हणजे आवाजामागे रेंगाळणारा घुमारा; तो मिसळलेला आवाज ‘ओला’, नसलेला ‘कोरडा’.

गंमत अशी की डेलच्या १९६१च्या ‘लेट्स गो ट्रिपिन’ या पहिल्या गाजलेल्या तुकड्यात स्प्रिंग रिव्हर्ब (आवाज स्प्रिंगांमधून नेऊन काढलेला घुमारा) नाहीच. कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये त्यानं पोरांना नाचवलं ते हातावर आणि ताकदीवर. रिव्हर्ब नंतर आला, तोही त्याच्या म्हणण्याप्रमाणे गिटारसाठी नाही, गाण्याच्या आवाजासाठी. तेव्हा हात आणि तारा आधी, रिव्हर्बची पेटी सगळ्यात शेवटी.

डेल डावखुरा, पण तारा उजव्यांच्या क्रमानंच ठेवायचा, म्हणून त्याची जाड तार खाली गुडघ्याकडे यायची. आणि जाड म्हणजे किती? १६ ते ६० गेज (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात; आधी सगळ्यात बारीक तार, मग सगळ्यात जाड). आपल्याकडे गिटारवर येतात त्या ९ ते ४२. बारीक तारेवर जोरात पिक (तार छेडायची चकती) मारला की स्वर क्षणभर चढतो आणि मग खाली येतो. डेलच्या वेगात हे सारखं झालं की सगळंच बेसूर वाटतं. थेट ६०वर उडी मारू नका. ११-४९ लावा, जमल्यास १२-५२. तारा बदलल्या की नेक (गिटारची मान) पुढे वाकते, तिच्या आतली सळई म्हणजे ट्रस रॉड थोडा आवळावा लागतो, आणि नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा अरुंद पडल्या तर तार त्यात अडकून ट्यूनिंग सुटतं.

आता हात. ‘मिझर्लू’ हे पूर्व भूमध्य भागातलं जुनं गाणं. डेलचे वडील लेबनीज कुळातले, काका ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवायचे. ही चाल त्याच्या कानावर घरातूनच पडली होती. १९६२ साली त्यानं ती गिटारच्या जाड तारेवर आणली. ती तार मोकळी सोडून तिला सा धरा आणि पुढे १, ४, ५, ७, ८, ११, १२ या घरांवर (फ्रेटवर) बोट ठेवत जा. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी, सा. हो, भैरवचेच स्वर. आंदोलनाला (स्वर हळुवार डोलवण्याला) मात्र इथे जागा नाही, कारण उजव्या हाताला उसंतच मिळत नाही: प्रत्येक स्वरावर खाली-वर, खाली-वर. मेट्रोनोम १००वर ठेवून मात्रेला चार ठोके घ्या. तेवढ्यातच सेकंदाला सहा-सात ठोके होतात. पिकचं टोक बोटांबाहेर दोन-तीन मिलिमीटर, हालचाल मनगटातून. कोपरातून वाजवलं तर दोन मिनिटांत दंड भरून येतो आणि लय ओढली जाते.

तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) टेकवून तार अर्धी दाबायची सवयही लावून घ्या. तिथे एक खोड आहे. स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) ब्रिज तरंगता, म्हणजे लाकडापासून उचललेला, असेल तर तळव्याच्या भारानं तो दबतो आणि स्वर चढतो. मागच्या खोबणीत पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज लाकडाला टेकवला की हा त्रास संपतो.

मग पेटी. फेंडरची वेगळी रिव्हर्ब पेटी १९६१ची. तिच्यावर ड्वेल, मिक्सर आणि टोन अशी तीनच बटणं. ड्वेल म्हणजे स्प्रिंगांना किती जोरात हलवायचं. मिक्सर म्हणजे कोरडा आवाज किती नि ओला किती. बहुतेक लोक मिक्सर वाढवतात, तिथेच फसतं. ड्वेल ७, मिक्सर ५च्या आसपास, टोन ६ असं करून बघा. ही पेटी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये जोडायची आणि अ‍ॅम्प स्वच्छ ठेवायचा. पेटीनंतर ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं यंत्र) लावलात तर स्प्रिंगांची शेपटीही, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाजही, फाटते आणि नुसता चिखल उरतो. सर्फचा तो ‘टुप-टुप’ आवाज येतो दाबलेल्या, तुटक ठोक्यांतून: स्प्रिंगमधून वेगवेगळ्या उंचीचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून एकच टोला टपकल्यासारखा पसरतो. लांबवलेला स्वर घेतलात तर हेच एकावर एक चढून न्हाणीघरात वाजवल्यासारखं होतं. ‘पाइपलाइन’ (१९६३) या शँटेज बँडच्या तुकड्याची सुरुवातीची घसरण ऐका. ते शाळकरी वयाचे होते, पण जाड तारेवरून खाली येताना हात कुठेही सैल पडत नाही.

व्हेंचर्सना सर्फ बँड म्हणायची पद्धत आहे. खरं तर ते वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमाचे. त्यातले बॉब बोगल आणि डॉन विल्सन बांधकामावर काम करणारे, आणि १९६०चं त्यांचं ‘वॉक, डोन्ट रन’ मुळात जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची रचना, त्यांनी गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सच्या वादनावरून उचललेली. पण शिकायला सुरुवात करायची तर त्यांच्यापासूनच. चाल स्पष्ट, वेग माफक, आणि दुसऱ्या गिटारचं काम एकदम सरळ.

अमेरिकेतून जुनी पेटी मागवणार असाल तर ती १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलीत तर ट्रान्सफॉर्मर जळेल; मध्ये स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) हवाच. आणि ती स्पीकरच्या कपाटावर ठेवू नका. बेसच्या हादऱ्यानं स्प्रिंगा घुमायला लागतात आणि वाजवणं थांबवलं तरी घुमत राहतात. शेजारी खुर्चीवर ठेवा.