हात सरकतो तिथे नको

"इथे नको रे लावू, इथे तुझा हात सरकतो." काकांनी माझ्या हातातला ब्रशच धरून ठेवला.

बाबांची जुनी स्नूकरची क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेऊन आज इंदूरच्या मल्हारगंजला एका पॉलिशवाल्या काकांकडे गेलो होतो, मला वाटलं पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) चार जाड हात मारले की आयुष्यभराची चिंता मिटली. काका म्हणाले मुठीकडे मार, तिथे घाम लागतो आणि चपड्याला, म्हणजे लाखेच्या पॉलिशला, पाणी सोसत नाही, पांढरे डाग पडतात, पण हात पातळ हवेत, प्रत्येक हात पूर्ण वाळला की बारीक सँडपेपर फिरवून मगच पुढचा. पुढच्या दांड्याला नुसतं जवसाचं तेल, तेही पुसून कोरडं, नाहीतर घामट बोटांवर क्यू चिकटते. आणि अशा पावसाळी हवेत तर घाई नकोच.

मग त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. "हे बघ, इथलं लाकूड हातानेच पॉलिश झालंय. इथे पेपर लावू नकोस."

बाबांचा डावा हात तिथेच असायचा. स्नूकर १८७५ मध्ये आपल्या जबलपूरला सुरू झालं हे दर वेळी सांगायचे, क्यू पुसता पुसता.

मी तर सकाळीच सगळी घासून काढणार होतो.

तुमच्याकडे आहे का अशी कोणाच्या हाताने गुळगुळीत झालेली वस्तू?