पायाला तेल लावून जाऊ नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण पायाच्या नसांची तपासणी असेल त्याच्या आदल्या रात्री पायांना तेल लावू नका. मी लावलं होतं. घरच्या नारळाचं खोबरेल, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चांगलं जिरवून. त्यापायी माझे तेवीस दिवस गेले.

मला बारा वर्षं शुगर आहे. गेली दोन वर्षं रात्री तळपायांची आग व्हायची, इतकी की पंखा पायांकडे वळवून ओलं फडकं गुंडाळून पडायचे. दिवसा तेच पाय बधिर. चप्पल वाटेत निसटली तरी कळायचं नाही, मागून एखादं पोर ओरडायचं, "बाई, चप्पल!" एकदा ओहोटीला जाऊबाईंबरोबर खडकावर कालवं काढायला गेले. परत येऊन पाहते तर पायरीवर लाल ठसे. कालवाच्या शिंपीने टाच बोटभर चिरली होती. "अगो, रगात बघ किती व्हावता!" जाऊबाई ओरडल्या तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलं, नसांच्या आगीवरची गोळी. आग उतरली, पण दिवसभर गुंगी. तव्यावर भाकरी करपायची आणि मी उभ्या उभ्या पेंगायचे. तेव्हा शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी कुडाळच्या ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमचं नाव सुचवलं.

मला वाटलं, जायचं, सुया टोचून घ्यायच्या, यायचं. मॅडमनी सुईच काढली नाही. "टोचायला मी आजही टोचेन, पण कशावर टोचतेय ते मला कळू दे." तीन कागद मागितले: तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बी-१२ जीवनसत्त्व, आणि एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी. पहिले दोन गावातल्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी मिळाले. एनसीव्हीसाठी घाटावर जावं लागलं.

एनसीव्हीत पायावर पट्ट्या चिकटवून हलका करंट देतात आणि नसेतून त्याचा संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. खाजगीत पैसे फार, म्हणून मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नंबर लावला. महिन्याने तारीख मिळाली. पहाटे साडेपाचची एसटी, घाटात धुकं, जुलैचा पाऊस, पुतण्या सोबत. साडेदहाला खोलीबाहेरच्या बाकावर बसलो, पावणेबाराला आत बोलावलं. टेक्निशियनने पायाला हात लावला आणि लगेच उचलला.

"तेल लावून आलात?"

"हो, रोजच लावते."

"पट्ट्या चिकटणार नाहीत. तेल, क्रीम काही चालत नाही."

मी म्हटलं, साबणाने धुऊन येते. धुऊन आलेही, न्हाणीघराच्या नळाखाली एकेक पाय धरून, त्या वयात, त्या ओल्या फरशीवर. तोवर माझा नंबर पुढच्याला गेला होता आणि दिवसाची यादी भरली होती. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? चिठ्ठीवर नाही, दारावर नाही, नंबर देणाऱ्या खिडकीवर नाही. बत्तीस वर्षं मी पोरांना सूचना फळ्यावर लिहून दिल्या. इथे सूचना टेक्निशियनच्या डोक्यात, आणि ती कळायची एसटीने घाट चढून आल्यावर. पुढची तारीख तेवीस दिवसांनी.

दुसऱ्या खेपेला पाय कोरडे ठक्क. यावेळी खिडकीवर अडलो. पहिल्या खेपेला पावसात चिठ्ठी भिजली होती, म्हणून पुतण्याने मोठ्या हौसेने ती लॅमिनेट करून आणली होती. क्लार्कने तीनदा शिक्का मारला, तीनदा अंगठ्याने पुसला गेला. "प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. नवीन चिठ्ठी आणा." चिठ्ठी देणारे डॉक्टर ओपीडी संपवून गेलेले. पुतण्या मला म्हणतो, "काकी, सॉरी." मी त्याच्यावर चिडले नाही, पण क्लार्कवर आवाज चढवला, हे कबूल करते. त्याने काहीही फरक पडला नाही. शिक्क्यासाठी मागे कागद मोकळा ठेवा, आणि भिजायची भीती असेल तर साधी प्लॅस्टिकची पिशवी पुरे.

तिसऱ्या खेपेला, नऊ दिवसांनी, पाय थंडगार. सकाळपासून ओल्या चपलांत होते. गार पायात नसेचा वेग कमी दिसतो, आजार आहे त्याहून जास्त वाटतो, असं टेक्निशियनने सांगितलं. शेजारच्या बाकावरची एक आजी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी पुढे करायला लागली. तो जवळजवळ ओरडलाच, "नको! यांना भाजलेलं कळणार नाही." मग त्याने स्वतः ब्लँकेट आणून पाय गुंडाळले आणि चाळीस मिनिटं बसवलं. खरं सांगायचं तर माणूस चांगला होता. तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत आटपली. करंट म्हणजे रबराची बारीक टिचकी, तेवढाच.

ब्लँकेटमध्ये बसल्या बसल्या मी पर्समधून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि पाठीमागे शाळेच्या अक्षरात लिहिलं: "तपासणीला येताना पायांना तेल किंवा क्रीम लावू नये." ड्रेसिंगची पट्टी मागून दारावर चिकटवलं. टेक्निशियनने वाचलं आणि आत गेला.

रिपोर्टात दोन्ही पायांच्या नसा खराब असल्याचं आलं. एक सांगते, ही तपासणी जाड नसाच पाहते. आग करणाऱ्या बारीक नसा बिघडल्या असतील तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा "सगळं मनाचं आहे" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. बी-१२ मात्र १६८ निघालं, कमी. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते उतरू शकतं आणि त्यानेही पाय असेच बधिर होतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली.

मग एकदाच्या सुया. केसाहून थोड्या जाड, सीलबंद पाकीट समोर फोडून. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या वर आतून, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. दुखतं म्हणण्यापेक्षा पोटरी आतून जड झाल्यासारखी वाटते. अर्धा तास पडून राहायचं. दर वेळी आधी टॉर्च लावून मॅडम तळवे आणि बेचके तपासायच्या, जखम दिसली तर त्या जागी सुई नाही. उपाशी जाऊ नका, पडल्या पडल्या साखर उतरते. आणि नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका, आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा २०१५ चा आहे. मॅडमनी तो कागद भिंतीवरच लावलाय.

तिथे माझी एक चूकही दुरुस्त झाली. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय. ॲक्युपंक्चर त्यांच्यामुळेच इकडे आलं असा माझा समज होता. ते तर सर्जन. ही विद्या त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी पुढे चीनमध्ये शिकून कोलकात्याला आणली.

बारा सिटिंग झाल्या, प्रत्येकीचे चारशे. मेडिक्लेमवाल्यांनी एक रुपया दिला नाही: ॲडमिट नव्हते, आणि ॲक्युपंक्चर आयुषमध्ये, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या सरकारी यादीत, बसत नाही. सातव्या सिटिंगनंतर रात्री पंखा पुन्हा छताकडे वळला. डॉक्टरांनी प्रीगॅबालिनची दुपारची गोळी बंद केली (त्यांनी, मी नाही). बधिरपणा आहे तिथेच आहे, मॅडमनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. गुण सुयांचा की इंजेक्शनांचा, यावर आमच्याकडे वाद आहे. पुतण्याने मोबाइलवर कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, २०१७ चा आढावा शोधला, नसांच्या दुखण्यावर सहा अभ्यास, ४६२ रुग्ण, आणि शेवटी म्हणे ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. "काकी, बघ." मी म्हटलं, बघितलं, आणि रिक्षा बोलाव.

गेल्या आठवड्यात वाडीतल्या एकीचा नंबर त्याच हॉस्पिटलात होता. माझा कागद अजून दारावर आहे म्हणाली. खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, "पावडरसुद्धा."