सुट्या वेलांटीची सोंगटी

सांगलीत माझं लेझर कटिंगचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, ट्रॉफ्या, गणपतीत मखरं, असली कामं. मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या, दोन दिवस आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या. "दादा, स्क्रॅबलसारख्या सोंगट्या हव्यात. मराठीत. शंभरेक." स्क्रॅबल म्हणजे पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढून पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचा खेळ, क्वचित येणाऱ्या अक्षराला जास्त गुण. म्हटलं, त्यात काय, संध्याकाळी घेऊन जा.

एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंची, शीट लावली. मुळाक्षरं टाइप केली, मागोमाग काना, वेलांट्या, उकार, मात्रा. मशीन सुरू करून चहाला गेलो. येऊन बघतो तर प्रत्येक वेलांटीच्या बाजूला ठिपक्यांचं एक वर्तुळ कोरलेलं! युनिकोडमध्ये सुटी वेलांटी टाइप केली की कॉम्प्युटर शेजारी ते वर्तुळ काढतो. हिला टेकायला अक्षर द्या, एवढाच त्याचा अर्थ. स्क्रीनवर इतक्या वेळा पाहिलेलं, की आज दिसूनही दिसलं नाही. अख्खी शीट वाया.

बाई आल्या आणि हसत सुटल्या. मी म्हटलं, वर्तुळ पुसून पुन्हा कापतो, तासाभराचं काम. तेवढ्यात त्यांनी टेबलावर 'किरण' उभा मांडायला घेतला. वेलांटी कुठे ठेवायची? लिहायची 'क'च्या डावीकडे, उच्चारायची 'क'नंतर, आणि शब्द चाललाय खाली. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात हा घोळ नसतो, तिथे एका चौकोनात अख्खा 'कि' बसतो. मग प्रत्येक अक्षराची सगळी बाराखडी कापायची? ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ सोंगट्या, त्याही जोडाक्षरं सोडून. हवी ती पिशवीतून हाताला लागेपर्यंत शाळा सुटायची.

आबा, माझे वडील, दुपारचे दुकानात येऊन बसतात. ऑफसेट छपाई येईपर्यंत ते छापखान्यात जुळारी होते, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. खिळे कधीच भंगारात गेले. एक लाकडी केस, म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी, तेवढी गावभागातल्या घरी आहे. २०१९च्या पुरात ती पाण्यात होती, फुगली, पण टाकू देत नाहीत. ते म्हणाले, "कान्याचा खण सगळ्यात मोठा आणि हाताशी. 'र', 'त' त्याच्या जवळ. 'झ', 'ढ' कडेला. 'ङ'ला तर महिनोन्महिने हात लागायचा नाही."

बाईंनी वही काढली. त्यांनी सांगितलं की स्क्रॅबल काढणारे आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट. १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेल्यावर त्यांनी हा खेळ रचला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते वर्तमानपत्राच्या पानावरून मोजलं. म्हणून इंग्रजी डब्यात 'ई'च्या १२ सोंगट्या, आणि 'झेड'ची एकच, तिला १० गुण. आमच्या आबांनी तीच मोजणी बोटांनी केली होती, त्याला कुणी खेळ म्हणालं नाही इतकंच.

मग आम्हीही पेपरचं पहिलं पान मोजायला घेतलं. 'च' आणि 'य' भलतेच फुगले. कारण? 'च्या'. सांगलीच्या, महापालिकेच्या, पाण्याच्या! बट्सनी म्हणे 'एस' मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर कुणीही शेपूट लावून अनेकवचन करत बसेल. आमचा 'एस' म्हणजे हा 'च्या'. बाईंनी नियम केला, विभक्ती लावलेले शब्द चालणार नाहीत, आणि दोन्ही अक्षरं निम्म्यावर आणली.

वेलांटीचा प्रश्न मात्र भंगाराच्या खोक्यानं सोडवला. त्यात पारदर्शक ॲक्रिलिकचे तुकडे पडलेले असतात. त्यांचे सोंगटीएवढेच चौकोन कापले, त्यांवर काना, वेलांटी, उकार जागच्या जागी कोरले आणि अक्षरावर ठेवले. 'क'वर वेलांटीची काच, झाला 'कि'. शब्द आडवा असो, उभा असो, चौकोन एकच. त्यासाठी मूळ अक्षर लहान करून मधोमध घ्यावं लागलं, म्हणजे पुन्हा सगळी शीट नव्यानं.

जोडाक्षरावरून मात्र आबा आणि बाईंचं जुंपलं. बाई म्हणाल्या, पाय मोडून दोन चौकोनांत बसवू. आबा म्हणाले, "'पत्र'चं 'प त् र' अशी पोरं लिहायला लागली की मग मला सांगा." मला बाईंचं पटतं, पण आबांसमोर बोललो नाही.

राहिला 'ळ'. मी त्याला १० गुण कोरायला निघालो होतो, अवघड वाटला म्हणून. बाईंनी हात धरला. काळ, वेळ, केळं, डाळ, गूळ... शब्दांना तोटाच नाही, फक्त त्यानं सुरुवात होत नाही. इंग्रजीत १० गुणांचा 'झेड' पोलिश डब्यात एका गुणाचा आहे, त्याही पाच सोंगट्या. 'ळ'ला दोन दिले.

रात्री साडेनऊला पिशवी भरली. इंग्रजी डब्यात दोन कोऱ्या सोंगट्या असतात, कुठलंही अक्षर समजा. त्यांच्या जागी बाईंनी वाया गेलेल्या शीटमधली ठिपक्यांची दोन वर्तुळं कापून मागितली. त्या शीटचे पैसे मी बिलात धरले नाहीत.