साहेबांसमोर ‘पटलं नाही’ म्हणणारी माणसं

माझं गाव अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठावर. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेले खारबांध, त्यांतल्या पाणी सोडायच्या झडपांच्या उघाड्या, उधाणाला बांधाला खांड म्हणजे भगदाड पडेल ही धास्ती, हे सगळं घरचंच. त्यामुळे नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात समुद्रबांधाच्या कामावर सल्लागार म्हणून गेलो, तेव्हा माती आणि पाणी ओळखीचं वाटलं. नवीन होती ती तिथली बैठक.

नुकतीच कामाला लागलेली मुलगी खात्याच्या प्रमुखाला नावाने हाक मारते आणि सगळ्यांदेखत सांगते, “हे मला पटलं नाही.” कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. माझ्या अहवालावरही ती तशीच बोलली, आणि मग आम्ही दोघं दुपारभर नकाशावर वाकून बसलो. आपल्याकडे बैठकीत सगळे “हो साहेब” म्हणतात आणि खरं मत बाहेर चहाच्या टपरीवर कळतं. तिथे निर्णयाला वेळ लागतो, कधी कधी अंत पाहतात. पण एकदा ठरलं की मागून कुणी कुरकुरत नाही. (दुपारी गार पाव आणि चीज, हे मात्र आमच्या भात-कालवणाच्या जिभेला कधीच रुचलं नाही.)

ही सवय पाण्याने लावली असावी, असं मला वाटतं. बांध सांभाळणारी त्यांची पाणीमंडळं तेराव्या शतकापासूनची. आज ती 21 आहेत; त्यांची निवडणूक होते, त्यांचा स्वतःचा कर असतो. आपल्या बांधाला खेकडे बिळं पाडतात, तिथे मस्करॅट नावाचा प्राणी. त्याला पकडायला मंडळाची पगारी माणसं आहेत. 1953 च्या फेब्रुवारीत बांध फुटले आणि 1,836 माणसं गेली. बांधातली कच्ची जागा दिसूनही भिडेपोटी गप्प बसणं तिथे परवडणारं नाही.

आणि आपल्याला तरी कुठे परवडतं? आमच्याकडे पूर्वी ‘जोळ’ होती. गावाने एकत्र येऊन बांध घालायचा, राखायचा. ज्याची पाटी मातीची, त्याला बोलायचा हक्क.

आता खारभूमीच्या कामासाठी गावात बैठक असली की मी उघाडीजवळ निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडणाऱ्या बायकांना आधी बोलायला सांगतो. झडप कुठे अडकते, पाणी कुठून झिरपतं, हे त्या रोज बघतात. इंजिनिअर आधी बोलला की मग त्या तोंड उघडत नाहीत.