शेणाचे घर, मेणाचे घर आणि दुसरीचा वर्ग

गेली अठरा वर्षे मी दुसरीच्या वर्गाला शिकवते आहे आणि चिऊ-काऊची गोष्ट या काळात पन्नास वेळा तरी सांगितली असेल. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते आणि तो भिजत, कुडकुडत चिऊच्या दाराशी येऊन उभा राहतो. गोष्ट संपली की 'यातून आपण काय शिकलो?' असे मी विचारायचे आणि 'घर पक्के बांधावे, आळस करू नये' हे उत्तर मुलांकडून वदवून घ्यायचे. मंगळवार, 3 ऑक्टोबर 2023 रोजी हे उत्तर माझ्या तोंडातून निघाले नाही.

त्याआधी दहा दिवस, 23 सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतल्या कितीतरी लोकांना जाग आली ती घरात शिरलेल्या पाण्यामुळेच. बचावासाठी बोटी आणाव्या लागल्या. आमच्या शाळेतही पाणी शिरले होते. वाचनकोपऱ्यातल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बुडाला, तेव्हा त्यातली पुस्तके आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून उन्हात वाळवली. मग विसर्जन, ईद, गांधी जयंती अशा सुट्ट्या गेल्या आणि त्या मंगळवारी वाचनाच्या तासाला मी न बघता एक पुस्तक उचलले, ते नेमके चिऊ-काऊचेच निघाले.

ते पुस्तक उघडताना पापड मोडल्यासारखा आवाज झाला. पाने फुगून वेडीवाकडी झाली होती. गुळगुळीत कागद भिजला की एकमेकांना चिकटून बसतो; पाने सोडवताना पावसाच्या चित्राचा निळा थर सोलून समोरच्या पानावर, चिऊच्या दारापाशी जाऊन बसला होता. चित्रकाराने कोरडे ठेवलेले मेणाचे घर आमच्या प्रतीत अर्धे पाण्यात होते. शेवटची दोन पाने तर सुटलीच नाहीत.

'काऊचे घर वाहून गेले' या वाक्याला एरवी मुले हसतात, कारण मी हाताने घर वाहून गेल्याचा अभिनय करते. त्या दिवशी हात अर्ध्यावर आला आणि माझ्या लक्षात आले की समोरच्या मुलांपैकी सात जणांच्या घरात पाणी शिरले होते. पुस्तक तिथेच मिटायला हवे होते, असे मला आजही अधूनमधून वाटते. पण मुलांना पुढचे ठाऊक होते. 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते' हे त्यांनीच, नेहमीपेक्षा हळू आवाजात, म्हणायला सुरुवात केली.

"मॅडम, आमच्या वरच्या काकूंनी पण लवकर नाही उघडलं," तिसऱ्या रांगेतला एक मुलगा म्हणाला. हा वर्गात फारसा बोलत नाही.

मी विचारले, "किती वेळानं उघडलं?"

त्याने शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवले. "पाणी इथपर्यंत आलं होतं. त्यांचं बाळ रडत होतं, अन् लाइट गेली होती. मंग उघडलं."

त्याने तक्रारीचा सूर लावला नव्हता. पाणी कुठवर आले ते सांगावे तसे त्याने हेही सांगितले. मला मात्र काय बोलावे ते कळेना. अठरा वर्षे मी चिऊला शहाणी आणि काऊला आळशी ठरवत आले होते. आता या मुलाला 'घर पक्के बांधावे' म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? त्याचे घर सिमेंटचे होते. आणि चिऊला दुष्ट म्हणावे, तर वरच्या काकूंचे काय? तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी चिऊच्या बाजूने उभी राहिली: बाळ ओले असताना दार उघडले तर त्याला सर्दी होईल. तिच्या घरी चार महिन्यांचा भाऊ होता, तेव्हा तिचे म्हणणे अनुभवाचे होते.

मग कोपऱ्यातून आवाज आला, "मॅडम, मेणाचं घर तं उन्हाळ्यात वितळून जाईन ना!"

वर्ग हसला आणि मीही हसले, पण प्रश्न खरा होता. मेण वितळते साधारण 62 अंशांना, मात्र त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. आणि नागपूरचा मे महिना, 45 अंशांचा पारा, टिनाचे छप्पर यांत माझे स्वतःचे बालपण गेलेले असूनही हे मला कधी सुचले नव्हते. गोष्टीत पाऊस फक्त एकदाच येतो आणि उन्हाळा कधीच येत नाही.

"मंग चिऊ कुठं जाईन?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"काऊकडे. आमच्या आजीकडे शेणानं सारवते, थंड राहते."

"काऊ दार उघडीन का?"

यावर पंधरा मिनिटे वाद चालला. काहींच्या मते काऊनेही 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' असेच म्हणावे. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्याला होता तो मुलगा एवढेच म्हणाला, "काऊला माहीत आहे ना."

ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आहे. तिथे चिमणीच्या जागी साळुंकी आहे. म्हाइंभटांनी तो ग्रंथ रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्यात, सिद्ध केला. इतकी शतके ही दोन घरे जशीच्या तशी राहिली, पण शेवट मात्र सांगणाऱ्यागणिक बदलत आला: कुठे काऊ चुलीशी शेकत बसतो, कुठे तो चिऊची बाळे खातो. आमच्या पुस्तकातला शेवट चिकटलेल्या पानांत होता. मी तो तोंडी सांगू शकले असते, पण सांगितला नाही. 'यातून आपण काय शिकलो?' हेही विचारले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि मुले डबे उघडायला पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाकडे गेले, तर खालच्या कप्प्यातली सगळी पुस्तके कुणीतरी काढून सगळ्यात वरच्या कप्प्यात रचून ठेवली होती. तिथे मुलांचा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही. स्टूल अजून कपाटाशीच होते आणि त्यावर दोन लहान, धुळकट पावलांचे ठसे होते.